हौदातली दाढीवाली आयरिस

बायको अंथरुणाला खिळली. तिला खिडकीतून निळं फूल दिसावं म्हणून मी अंगणातल्या भरल्या हौदात आयरिसची कुंडी बुडवली; आयरिस पाण्यात वाढते एवढंच ऐकलं होतं. चित्र बघून निवडली होती, पाकळीवर केसाळ दाढी असलेली, ऐटबाज. दाढीवालीला कोरडी माती लागते. पण रोपवाल्याला विचारणं आमच्या स्वभावात नाही. थोड्याच दिवसांत घरात कुजका वास सुटला.

"अहो, खरं सांगा, वास माझ्या पाठीच्या जखमेचा हाय ना?"

मी सडलेला गड्डा तिच्या नाकाखाली धरला. लई दिवसांनी ती हसली. "लातुरात पाणी जास्त होऊन मेलेलं हे पहिलंच!"

मग नांदेडहून पाण्यातच वाढणारी आयरिस आणली. पानं तरारली. रोपवाला म्हणाला, फूल पुढच्या वर्षी येईल.

मी तिला महिनाभरात येईल म्हणून सांगितलं.