चौथ्या तारेवरचे कान

पारास्का हुमेन्युक हिला आमच्या गावात नावाने फारसं कोणी हाक मारत नसे. एक्स्चेंजवाली मावशी म्हटलं की झालं. तिच्या घराच्या पुढच्या खोलीतच टेलिफोनचा फलक होता आणि आसपासच्या साठ शेतघरांची बोलणी तेवीस वर्षं तिच्या बोटांखालून जात होती. नवरा वासिल गेला त्या दिवशीही दुपारपर्यंत ती फलकासमोरच होती. मातीला येणाऱ्यांना कळवायचं दुसरं कोण?

तिचा नियम एकच. जोडून द्यायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. आम्ही बाकीचे असले नियम पाळणाऱ्यांतले नव्हतो. एका तारेवर चौदा घरं. एका घरची घंटा सगळ्यांकडे वाजायची आणि बाकीच्या तेरा घरांत रिसीव्हर हळूच उचलला जायचा. यात एकच खोट होती. जितके कान जास्त तितका आवाज क्षीण व्हायचा, आणि फोन लांबचा असला तर बोलणारा विहिरीच्या तळातून बोलतोय असं वाटायचं. हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी प्रत्येकाला वाटायचं, माझ्या एकट्याने असा काय फरक पडतोय?

एकोणीसशे बासष्टच्या जुलैत आमच्या सस्कॅचवान प्रांताच्या सरकारने सगळ्यांच्या औषधोपचाराचा खर्च स्वतः उचलायचा कायदा लागू केला आणि सरकारच्या हुकमाखाली काम करणार नाही म्हणत त्याच दिवशी प्रांतभरच्या डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. मोठ्या गावांतल्या मोजक्या इस्पितळांत तेवढे तातडीचे रोगी बघत होते. आमच्या डॉक्टर क्रॉम्बींनीही दाराला पाटी लावली. गाव उभं चिरलं गेलं. चर्चच्या पायरीवर दोन घोळके उभे राहू लागले आणि माणसं ब्रेडसुद्धा आपापल्या बाजूच्या दुकानातून घेऊ लागली.

पारास्का डॉक्टरांच्या बाजूची. वासिलच्या शेवटच्या तीन वर्षांत या माणसाने बर्फातून चालत येऊन त्याला सुया दिल्या होत्या. शिवाय सरकार या शब्दाचीच तिला धास्ती. तिच्या बापाचे घोडे समुद्रापलीकडच्या जुन्या देशात सरकारनेच नेले होते. "सरकार एकदा घरात आलं की बूट काढत नाही," असं ती म्हणायची. कायदा येण्याआधी जूनमध्ये त्यावर गावात सभा झाली, त्या सभेत तिने उभं राहून डॉक्टरांसाठी टाळ्या वाजवल्या, त्या जावयाच्या, तारासच्या, डोळ्यांदेखत.

त्या रात्रीच्या जेवणात तारासने चमचा आपटला. "आई, रस्ता सरकारचा, शाळा सरकारची, तुमची लांबची तारसुद्धा सरकारची. मग डॉक्टरच तेवढा आभाळातून पडलाय का?"

"तारेला मन नसतं रे. माणसाला हुकमावर कसं चालवणार?"

"आणि ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याने मरायचं?"

"आमच्या डॉक्टरांनी कोणाला मरू दिलंय ते सांग!"

"मग ठेवा त्यांना तुमच्या कपाटात, लोणच्याच्या बरणीशेजारी." तो उठून गेला. मुलगी लेस्या आठवा महिना लागलेलं पोट सावरत मागोमाग गेली. त्यानंतर पाच आठवडे त्यांच्याकडून फोन नाही. त्यांची तार चौथी; तिच्यावर कोणी फोन उचलला की फलकावर झडप पडायची आणि पारास्का घाईने खुंटी लावायची. पण बोलणारं कोणीतरी दुसरंच असायचं. धड झोप नाही, धड जेवण नाही. तारा जोडायची ती खुंटी फलकावरून काढायची, पुसायची, परत ठेवायची, हा चाळाच लागला तिला.

संपाच्या नवव्या दिवशी दुपारी चौथीची झडप पडली. "सेंट्रल," तारासचा आवाज. आई नाही, कोणीही ऑपरेटरला म्हणतं तसं सेंट्रल. "डॉक्टर द्या. लेस्याला कळा लागल्यात. बाळाचा पाय पुढे आलाय."

डॉक्टरांचं घर त्याच तारेवर होतं. तिने त्यांची घंटा वाजवली; ती तारेवरच्या सगळ्या घरांत वाजली.

"तारास, मी रोगी घेत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी शब्द दिलाय एकमेकांना. तिला मोठ्या इस्पितळात ने. तिथे डॉक्टर आहेत."

"कसं नेऊ? रात्रीच्या पावसाने चिखल झालाय नुसता. ट्रक बुडालाय आसापर्यंत!"

"मग त्यांना फोन लाव."

पारास्काने इस्पितळासाठी लांबची तार जोडली. पलीकडे एक तरुण डॉक्टर आला, सरकारने गेल्याच आठवड्यात विलायतेहून विमानाने आणलेला. असल्यांनाच ती सभेत उपरे म्हणाली होती.

"घाबरू नका," तो म्हणाला. "आधी मला सांगा..." आणि पुढचं विरून गेलं.

"काय? ऐकू येत नाहीये!" तारास ओरडला. मागून लेस्याची किंकाळी आली. ती मात्र सगळ्यांना ऐकू गेली.

आवाज का बुडतोय ते पारास्काला कळलं, आणि तेवीस वर्षांचं कुलूप तुटलं.

"ठेवा!" ती किंचाळली. "डोम्का, तुझं घड्याळ टकटकतंय, ठेव खाली! हावरिलो, तुझा दमा मला ओळखू येत नाही का? कॅनरी कोणाची चिवचिवतेय, मेलान्का, माझी पोर मरतेय तिकडे आणि तू कान लावून बसलीस? ठेवा सगळ्यांनी! लाज वाटू द्या!"

खट. खट. खट. एकेक ओझं तारेवरून उतरू लागलं. विलायती डॉक्टरचा आवाज विहिरीतून थोडा वर आला. पण शब्द अजून लागत नव्हते. कोणीतरी उरलं होतं. घड्याळ नाही, पक्षी नाही. दातावर पाइप आपटल्याचा बारीक आवाज. वासिलच्या उशाशी बसून हा आवाज तिने तीन वर्षं ऐकला होता.

"डॉक्टर," ती हळू म्हणाली. "तुम्ही आहात ना?"

"पारास्का, मला फक्त कळायला हवं होतं, ती..."

"मग बोला. तुम्हाला सगळं येतं. बोला, नाहीतर ठेवा."

तार नुसती गुणगुणत राहिली. पारास्काला वाटलं, आता बोलतील. तिने देवाचं नाव घेतलं. आणि खट असा आवाज झाला.

"ओढायचं नाही," विलायती डॉक्टर खोलीत उभा असल्यासारखा स्वच्छ बोलला. "ऐकताय ना? बाळाला हात लावायचा नाही. ते आपणहून येईल. पाठ वरच्या बाजूला राहू दे. कापड गरम करा." तारास ऐकायचा आणि लेस्याजवळ बसलेल्या स्वतःच्या आईला ओरडून सांगायचा. चाळीस मिनिटं पारास्का खुंटी घट्ट दाबून बसली, जणू हात सुटला तर तार तुटेल. मग बारीक रडणं आलं.

"आई," तारास म्हणाला. "मुलगी आहे. दोघी ठीक आहेत. आई, ऐकताय ना?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर क्रॉम्बी चिखल तुडवत एक्स्चेंजवर आले. टोपी काढून दारातच उभे राहिले. एका रात्रीत म्हातारे दिसायला लागले होते. पारास्काने खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"मी झोपलो नाही," ते म्हणाले. "मी शब्द दिला होता. तुला ते पटणार नाही."

"पटतं. म्हणून तर टाळ्या वाजवल्या होत्या."

"पण मी रिसीव्हर ठेवला, म्हणूनच त्याचा आवाज पोचला ना? एवढं तरी सांग."

याला काय हवंय ते तिला समजत होतं. याच माणसाने वासिलचे डोळे मिटले होते. त्याला ते समाधान द्यावं असं तिच्या फार मनात आलं.

"हो डॉक्टर," ती म्हणाली. "तुम्ही नव्हतात, म्हणूनच पोचला."

त्यांनी टोपी घातली. ती त्यांना जाताना बघत राहिली. बोलल्याचं तिला वाईट वाटत होतं, आणि शब्द मागे घ्यायची तिची तयारी नव्हती.