शिट्टीचा तास

कवायतसुद्धा ऑनलाइन शिकवायची, हे कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे! लॉकडाऊनमध्ये आमच्या धारवाडच्या गल्लीतले कवायतीचे सर रोज सकाळी समोरच्या गच्चीवर मोबाईलपुढे उभे राहायचे. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. 'ओंदु, एरडु' मोजत एकटेच बैठका मारायचे. मुलांचे कॅमेरे बंद.

माझी मुलगी त्यांच्याच वर्गात. घरात बसून बसून जिना चढतानाही तिला धाप लागू लागली होती. एकदा अंथरुणात पडूनच तिनं 'हजर, सर' म्हटलं आणि फोन पोटावर ठेवला. सरांना समोरून आमच्या खिडकीतून सगळं दिसलं.

मी ओशाळून विचारलं, "उठवू का तिला?"

"बिडरी, राहू दे अक्का. ही निदान हजर तरी म्हणते."

त्यांनी शिट्टी फुंकली. ती आधी गच्चीवर वाजली, मग पोरीच्या पोटावर.