गिरणीच्या इंजिनाची गळती

माझी बायको कामचोर नव्हती. हे आधी लिहून ठेवतो, कारण ती आता नाही, आणि तिला तसं म्हणणारा अजून आहे.

तो आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीचा मालक. ताडकळसच्या रस्त्याला त्याची गिरणी होती. डिझेलचं इंजिन मी चालवायचो. इंजिन थंड राहावं म्हणून शेजारी लोखंडी पिंप होतं. कढत पाणी वरच्या नळीनं पिंपात जायचं, निवलेलं खालच्या नळीनं परत यायचं. रोज सकाळी पिंप काठोकाठ भरायचं काम बायकोचं. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण इंजिनाचं मला कळायचं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणाचे दिवस होते. गावात आमच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. त्यात ऐन सुगीत पिंप दुपारीच अर्धं व्हायला लागलं, इंजिन तापायला लागलं. दळणाला आलेल्या बायांसमोर मालक तिला म्हणाला, "अर्ध्या घागरी वततीस आन पुरं काम केलं म्हनतीस? कामचोर जात तुमची!"

ती तशीच निघाली. घरी आली, भाकरी थापल्या, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीवर गेली नाही.

मी ठरवलं, गळती शोधीन आणि त्याच्या तोंडावर मारीन.

पिंप रिकामं केलं. नळ्यांना लाकडी बुचं ठोकली, एका बुचाला भोक पाडून सायकलच्या पंपानं हवा भरली आणि सांध्यांना साबणाचा फेस फासला. एक बुडबुडा येईना.

मालक दात काढत म्हणाला, "सापडलं का, इंजिनेर सायेब?"

मग माझ्या ध्यानात आलं. गळतंय तापल्यावर आणि मी बघतोय गार असताना. पाणी भरून इंजिन सुरू केलं. गिरणीत पिठाला काय तोटा? सगळ्या सांध्यांवर कोरडं पीठ भुरभुरलं. तासाभरात वरच्या नळीच्या भिंतीकडच्या वाकणापाशी पिठाचा गोळा झाला. थेंब खाली कोंड्याच्या ढिगात जिरत होते, म्हणून जमीन कोरडी. नखानं खरवडलं, तर चुना आणि गूळ! मिस्त्री बोलवायला नको म्हणून माझ्या माघारी मालकानंच लिंपलं होतं. कढत पाण्यानं गूळ सुटायचा, निवला की परत धरायचा. म्हणजे नळी फुटलेली त्याला ठाऊक होती. ठाऊक असून तिला बोलला.

मी इंजिन बंद केलं. बाजाराचा दिवस, दारापर्यंत पोत्यांची रांग.

"काय झालं रे?"

"गळती सापडली मालक. तुमच्याच हातची हाय."

बाया फिसकन हसल्या. तो खालच्या आवाजात म्हणाला, "बरं, चुकलं. चालू कर आता."

"मला कशाला सांगता? तिला सांगा. आन आज पिंप तुमी भरायचं. गड्यानं न्हाई, तुमी. न्हाई तर मी चाललो."

लय शिव्या दिल्या त्यानं. पण ज्वारी घेऊन आलेली माणसं हटेनात. शेवटी घागर उचलून आमच्या वस्तीच्या हापशावर आला. ते पाणी त्याच्या इंजिनाला चालायचं, त्याला चालत नव्हतं. बायको तिथंच धुणं धूत होती. तिसऱ्या खेपेला त्याला धाप लागली. तिनं तांब्या भरून पुढं केला.

"प्या मालक, दमले आसाल."

तांब्या घ्यायला त्याचा हात उचलेना.

"न्हाई? मग इंजिनालाच पाजा," असं म्हणून तिनं तांब्या त्याच्या घागरीत रिता केला. "आन बघा, घागर पुरी हाय का अर्धी."

पिंप भरलं. चुकलं म्हणून मात्र तो तिला बोलला नाही. ती आठ दिवसांत विसरली. पुढं त्याच्या सुनेच्या बाळंतपणालाही गेली. मी भडकलो, तर म्हणाली, "अवो, लेकराचा काय गुन्हा?" मी विसरलो नाही.

गेल्या साली ती गेली. परवा मालक काठी टेकत दाराशी थांबला. म्हणाला, "लय चांगली बाई व्हती."

"हे तिला सांगायचं व्हतं," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.