साखरपुड्यात बंद ठेवलेला ब्लोअर

भाचीचा साखरपुडा आमच्या सांडपाणी केंद्राशेजारच्या हॉलमध्ये ठरला, तेव्हा सगळ्यात जास्त मिरवलो तो मी. केंद्रातले ब्लोअर मी चालवतो. गावाच्या घाण पाण्यात दिवसरात्र हवा सोडायची. त्या हवेवर टाकीतले जंतू जगतात आणि घाण खाऊन टाकतात. ब्लोअर चालू असले की वास फारसा नसतो, पण घरघर मोठी. तेव्हा कुणी काही म्हणायच्या आधीच मी बहिणीला सांगून टाकलं, "आक्का, मशीन बंद ठेवतो. आपल्याच हातात हाय." मामाचा मान नुसत्या फेट्यावर भागवायची माझी तयारी नव्हती.

सकाळीच ब्लोअर बंद केले. उमापूरचे पाहुणे आले, अंगठ्या झाल्या, भटजींचा शब्द न् शब्द ऐकू आला. पंगत बसायला लागली तशी मला जंतूंची काळजी लागली. इतका वेळ हवेवाचून मेले तर साहेब सोडणार नाहीत. हळूच पलीकडे जाऊन बटण दाबलं आणि परत येऊन वरणाची बादली हातात घेतली. तळाशी सडत बसलेला गाळ आता ढवळून वर येणार, हे रोज तेच काम करणाऱ्या माणसाला सुचायला नको?

भपकारा आला. पाहुण्यांचे हात ताटातच थांबले. नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, वरण आंबलंय वाटतं. पाहुणे ताटावरून उठले असते तर सोयरीक तिथंच मोडली असती. आक्कानं आचाऱ्याला बोलावून सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तो शपथा घ्यायला लागला. आणि मी बादलीवर वाकून वास घेतला नि म्हणालो, "बघावं लागंल."

भाचीला तो वास माहीत होता. शाळेत असताना माझा डबा तीच आणून द्यायची. होणाऱ्या सासऱ्यासमोर तिनं वरणभात कालवला, घास खाल्ला.

"वरण चांगलं हाय," ती म्हणाली. "वास टाकीचा हाय. माझ्यासाठी मामानं मशीन बंद ठेवलं व्हतं."

सासऱ्यांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मंग मामा, तुमी का गप बसलात?"

त्यांनी ताट पुढं सरकवलं. "वाढा."

मी वाढत राहिलो. त्यांच्या जिलबीवर वरण गेलं तरी माझी मान वर झाली नाही.