आईच्या चेहऱ्यावरचा माज

"या बाईच्या चेहऱ्यावर माज आहे."

हॉलमधले दिवे बंद होते. पडद्यावर माझी आई होती. फोटो मी काढला होता आणि हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या फोटो क्लबाचा नियमच तसा. रविवारी सकाळी सगळ्यांचे फोटो नाव न सांगता पडद्यावर दाखवायचे. प्रत्येकाने मत द्यायचं. ज्याचा फोटो असेल त्याने तोवर तोंड उघडायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की त्याने उभं राहायचं, आपलं नाव, लेन्स आणि शटर सांगायचं आणि खाली बसायचं. त्याने म्हणे मत निखळ मिळतं.

मत द्यायला मला मनापासून आवडायचं. फोटोत काय साधलंय ते आधी बघायचं, काय निसटलंय ते मग सांगायचं. "अहो, किती नेमकं सांगता तुम्ही," असं बायका चहाच्या वेळी म्हणायच्या. आयटी कंपनीतली नोकरी, स्वच्छ मराठी आणि आडनाव मराठ्यांतही सापडणारं. मी कुठली, हे त्यांनी आपापल्या सोयीने ठरवून टाकलं होतं.

मला क्लबात आणलं सरांनी. ते क्लबाचे अध्यक्ष आणि कंपनीत माझे मॅनेजर. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. ती होणार की नाही, हे त्यांच्याच सहीवर होतं.

आई मार्केट यार्डात एका गाळ्यावर कांदा निवडायची. त्या दिवशी कामावरून आली, हातपाय धुतले आणि माझ्या हातात कॅमेरा बघून खुर्चीत ताठ बसली. "हसू का?" म्हणाली. "नको. नुसती माझ्याकडे बघ." ती बघत राहिली. मागच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती, आमच्या वस्तीत घरोघरी असते ती. लेकीच्या पगाराचा कॅमेरा आपल्यावर रोखलेला बघून आईच्या डोळ्यांत जे आलं होतं, ते मला फोटोत सापडलं होतं. फार खूश होते मी त्या फोटोवर.

माज हा शब्द सरांचा. मग बाकीच्यांनी सुरुवात केली.

"गरिबी दिसते, पण करुणा येत नाही," एक बाई म्हणाल्या. "पदर डोक्यावर घ्यायला सांगायचा. नजर खाली."

"या लोकांना खुर्चीत बसवूच नये. जमिनीवर नॅचरल वाटतात." कुणीतरी हसलं.

सरांनी समारोप केला. "मागची ती तसबीर मात्र क्रॉप करा. उगाच राजकीय वास येतो."

कुणी आवाज चढवला नव्हता. सगळे शांतपणे, विचार करून, फोटोच्या भल्यासाठीच बोलत होते. मला भीती वाटली ती त्याची. शिवी दिली असती तर उलट शिवी देता आली असती.

माझी पाळी आली. उभी राहिले. नाव सांगितलं. "लेन्स पन्नासची. शटर साठावर. ही माझी आई."

कुणीतरी दिवे लावले. मग त्याच बाई म्हणाल्या, "अय्या, तुमच्याकडे बघून वाटत नाही हो." त्यांनी ते कौतुक म्हणून म्हटलं होतं.

सर पार्किंगमध्ये भेटले. जणू माझीच वाट बघत होते.

"भावनेच्या भरात बोललात. असू दे. तसबीर कापून द्या, क्लबाच्या प्रदर्शनात दारासमोरच लावू. खाली 'कष्टकरी' एवढंच लिहा. नातं वगैरे नको." हेल्मेटचा पट्टा लावताना ते हसले. "आणि उद्या केबिनमध्ये या. तुमच्या कन्फर्मेशनचं बोलायचंय."



घरी आईने विचारलं, "आवडला का गं त्यांना फोटू?"

मी सगळं सांगितलं. माजसुद्धा. ती ऐकत होती. मग म्हणाली, "कापून टाक बाई. तसबीर भिंतीवर हाय ना आपल्या. नोकरी जाया नको."

हे म्हणताना आईने मान खाली घातली. पदर ओढून घेतला. हॉलमध्ये त्यांना हवी होती, तशी ती माझ्यासमोर बसली होती. एक माणूस हेल्मेट घालता घालता बोलला आणि गुलटेकडीतल्या आमच्या घरात माझ्या आईची मान खाली गेली. इतका मला कधीच कशाचा राग आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी अख्खा फोटो सरांच्या टेबलावर ठेवला. "लागला तर असाच लागेल. खाली आईचं नाव असेल, आणि ती माझी आई आहे हेही."

सरांनी फोटोकडे पाहिलंच नाही. "विचार करून बोलताय?"

"हो."

"मग नंतर माझ्याकडे येऊ नका." सरांनी सावकाश कॉम्प्युटरकडे खुर्ची वळवली.

फोटो लागला नाही. पुढे नोकरीही गेली. "टीममध्ये मिसळत नाहीत," एवढंच कारण दिलं. आई बरेच दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घर तिच्याच कांद्यावर चाललं होतं.

अजूनही दुसरे फोटो क्लब मला फोटोंवर मत द्यायला बोलावतात. पडद्यावर सुरकुत्या येतात, भेगाळलेले पाय येतात, उघडी पोरं येतात. लोक प्रकाशाबद्दल बोलायला लागतात. मी विचारते, "यांचं नाव काय? फोटो काढू का, असं यांना विचारलं होतं का?" कुणीतरी घसा खाकरतं. बहुतेक ठिकाणी मला पुन्हा बोलावत नाहीत.

न बोलावू देत. बोलावतील तिथे मी जाणार आणि हेच विचारणार. उत्तर मिळेपर्यंत प्रकाशाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, आणि मी खोलीत असेपर्यंत दुसऱ्या कुणालाही बोलू देणार नाही.