शिंप्याच्या वजनाचा सराव

पस्तीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या त्या बाईला अख्खी गल्ली अजून सिस्टरच म्हणते. नोकरी सुटली, पण लोकांवर ओरडायची सवय काही सुटली नाही. आणि ओरडू नये तरी कसं? समुद्र पूर्वी बंधाऱ्यापलीकडे गुमान बसायचा. आता वर्षातून दोनदा तरी बंधारा ओलांडून घरांत शिरतो, आणि दर खेपेला मागच्या खेपेपेक्षा वर चढतो. सिस्टरचं घर तळमजल्यावर. घरात नवरा, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, वजन एकशे दहा किलो. पाणी खाटेपर्यंत चढलं तर ह्यांना वर न्यायचं कसं, या एका प्रश्नाने तिच्या जिवाला घोर लागला होता.

तशी गल्लीने तयारी केली होती, नाही कशाला म्हणा. समिती होती, भोंगा होता, स्ट्रेचर होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सराव व्हायचा. भोंगा वाजला की चौघांनी रुग्णाला उचलायचं आणि शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर पोचवायचं. रुग्ण म्हणून झोपायचा कोण, तर कोपऱ्यावरचा शिंपी. माणूस असला काडीपैलवान की फुंकर मारली तर उडेल. त्याला घेऊन चौघे धावतच जिना चढायचे. सात मिनिटांत काम फत्ते, मग टाळ्या, मग चहा. शिंपी तर पडल्या पडल्या वाटेतल्या गिऱ्हाइकांना कपडे कधी मिळतील ते सांगायचा.

सिस्टरने समितीच्या अध्यक्षांना निदान दहा वेळा सांगितलं असेल की अहो, शिंप्याला काय धाड भरलीय, तो आपल्या पायांनी चढेल. उचलायचंय ते आमच्या ह्यांना. अध्यक्षांचं औषधांचं दुकान. ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, सरावाची वेळ वाढेल, ती वर सरकारात कळवायची असते. सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यात घरचं माणूस त्याहून हट्टी. तीस वर्षं बेकरी चालवलेली, मैद्याची पोती पाठीवर घेऊन एकट्याने माळ्यावर चढवलेली. "ज्यांना पाव विकला, त्यांच्या खांद्यावर चढू होय? पाणी आलं की बघू," एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करायचा. पाणी आल्यावर काय बघणार, कपाळ, असं ती भांड्यांना सांगायची.

शेवटी या रविवारी सकाळीच तिने शिंप्याला गाठून दम भरला, की आज स्ट्रेचरवर दिसलास तर खरोखरचा रुग्ण करून ठेवीन. भोंगा वाजला. चौघे रिकामं स्ट्रेचर घेऊन इकडेतिकडे बघू लागले, तेव्हा तिने आपलं दार सताड उघडलं. नवऱ्याने झोपेचं सोंग घेतलं. गल्ली ओलांडेपर्यंत चौघांनी त्याला तीनदा खाली टेकवलं. शाळेच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर स्ट्रेचर अडकलं ते अडकलंच. शिंपी असला की ते जवळजवळ उभं करून वळवायचे. आता उभं केलं की माणूसच घसरायला लागला. अर्धा तास गेला. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

तेव्हा सोंग घेतलेल्याने डोळे उघडले. "ठेवा मला खाली. ओझं वळणावर असं आडवं नेतात का? हात असलेली खुर्ची आणा, मला तिला बांधा. दोघं वरून ओढा, दोघं खालून रेटा. एका वेळी एकच पायरी."

मुख्याध्यापकांची खुर्ची आणली. लांब राहून बघणारा शिंपी धावत जाऊन कापडाच्या जाड पट्ट्या घेऊन आला आणि त्यानेच गाठी मारल्या. वर पोचेपर्यंत तासाभराच्या वर वेळ झाला होता. चौघे भिंतीला टेकून धापा टाकत बसले.

नवऱ्याने तिला जवळ बोलावलं. "खरंच पाणी आलं असतं, तर तू एव्हाना वर आली असतीस ना?"

"नसते आले."

"अगं, पण..."

"तुमच्यापाशीच थांबले असते. म्हणून तर दोन वर्षं ओरडतेय."

मग त्याने अध्यक्षांना हाक मारली आणि सांगितलं, महिनाभर थांबू नका, येत्या रविवारी मला पुन्हा उचला.