चांदबीचा पदर

सुनेनं अंड्याची टरफलं कुंडीत टाकली. कोंबड्या कधीच गेल्या, तरी मी ती उचलून चुरली.

विद्यानगरला मागच्या अंगणात तेव्हा माझ्या सहा लेगहॉर्न कोंबड्या होत्या. नवरा क्षयानं अंथरुणाला खिळलेला, डॉक्टरनं त्याला रोज दोन अंडी सांगितलेली. आणि आठ दिवस खुराड्यात अंडं सापडेना. शेजारची चांदबी दुपारी आमच्या नळावर यायची, पदर मुठीत धरून. ती हसली तरी मला चोरटं वाटायचं. एक दिवस वाट अडवली.

"पदर सोड, चांदबी."

तिनं सोडला. ज्वारी सांडली, माझ्याच कोंबड्यांसाठी आणलेली. ती गेली, परत नळावर आली नाही.

मग मी खुराड्यापाशीच बसून राहिले. कोंबडीनं अंडं घातलं, वळली आणि स्वतःच फोडून खाल्लं. चुना मिळावा म्हणून मी टरफलं अख्खी टाकायची, ती चव मीच लावलेली.

चांदबीच्या दारात जाऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती, मान वर केली नाही.

"मेरेकू मालूम था, अक्का. चोंच कू अंडे की ज़र्दी लगी रहती थी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलनेकूच आई थी उस दिन. तुम पल्लू खोलने बोले."